लॅपटॉप रिसेट करायचाय? आधी सकाळी सहाला चालू करून बघा

"भाऊ, लॅपटॉप लय हँग होऊन राहिला, फॉरमॅट मारून द्या ना." एप्रिल लागला की नागपुरात हे वाक्य सतत कानावर पडतं. त्यातल्या निम्म्याअधिक लॅपटॉपना फॉरमॅटची गरजच नसते, असं माझं मत बघून बघून पक्कं झालंय. ज्यांनी नुकताच लॅपटॉप घेतलाय, किंवा ज्यांच्या घरात एकाच लॅपटॉपवर पोरांचा अभ्यास, दुकानाचा हिशेब आणि लग्नाचे फोटो सगळं नांदतंय, त्यांच्यासाठी हे लिहितोय. रिसेट म्हणजे विंडोज पुन्हा नव्याने बसवणं, लोक त्यालाच फॉरमॅट म्हणतात. त्याचं बटण दाबणं सोपं आहे. नुकसान होतं ते त्याआधीच्या तयारीत काही राहून गेल्यामुळे, म्हणून तयारीवरच जास्त लिहिलंय. विंडोज ११ धरून सांगतो. विंडोज १० मध्ये बहुतेक पर्याय तेच असतात, जागा थोड्या वेगळ्या.

दुखणं कुठलं, ते आधी ओळखा

बहुतेक लॅपटॉप बनवताना बाहेरची हवा ३५ अंशांपर्यंत असेल असं धरलेलं असतं. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, आणि दुपारी बंद खोलीत पत्र्याखाली किंवा वरच्या मजल्यावर काय होतं ते इथल्या माणसाला सांगायला नको. प्रोसेसर ठरावीक मर्यादेपलीकडे तापला की जळू नये म्हणून स्वतःच आपला वेग कमी करतो. आपल्याला वाटतं विंडोज बिघडलं. प्रत्यक्षात मशीन स्वतःला वाचवत असतं.

त्यासाठी एक साधी परीक्षा करा. एखादी जड एक्सेल फाइल, ब्राउझरमध्ये चार-पाच टॅब आणि एक व्हिडिओ, एवढं सगळं सकाळी सहाला, हवा थंड असताना उघडून बघा. मग तेच दुपारी दोनला करा. सकाळी मशीन सुरळीत चाललं आणि दुपारी अडखळलं, तर दुखणं उष्णतेचं आणि धुळीचं आहे. रिसेटने त्यात काहीही फरक पडणार नाही. सरळ खाली 'नागपूरच्या हवेत मशीन टिकवायचं तर' या भागाकडे जा.

सकाळीही तसंच रखडत असेल, तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात परफॉर्मन्सवर जा आणि डिस्कचा आकडा बघा. काहीच विशेष चालू नसताना तो बराच वेळ १०० टक्क्यांवर चिकटून असेल आणि खाली प्रकार 'एचडीडी' असा लिहिलेला असेल, तर तुमच्या लॅपटॉपमध्ये जुनी फिरती हार्ड डिस्क आहे. आजचं विंडोज तिला झेपत नाही. ती काढून एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क, बसवली तर पाच-सात वर्षांचं मशीनही ओळखू येणार नाही इतकं बदलतं. पैसे एकाच गोष्टीवर खर्च करायचे असतील तर इथे करा. रॅम ४ जीबी असेल तर तीही ८ करून घ्या. मात्र काही पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डवरच पक्की डकवलेली असते आणि वाढवता येत नाही, ते आधी विचारा.

त्याच टास्क मॅनेजरमध्ये सीपीयूवर क्लिक केलं की 'अप टाइम' दिसतो, म्हणजे विंडोज शेवटचं पूर्ण सुरू झाल्याला किती वेळ झाला तो. रोज रात्री शटडाउन करणाऱ्यांनाही तिथे कित्येक दिवसांचा आकडा दिसतो आणि त्यांना आश्चर्य वाटतं. कारण असं की विंडोजमध्ये 'फास्ट स्टार्टअप' नावाची सोय बहुतेक ठिकाणी चालूच असते. शटडाउन केलं तरी विंडोजचा गाभा डिस्कवर साठवला जातो आणि सकाळी तोच परत उचलला जातो. पूर्ण नव्याने सुरुवात होते ती 'रीस्टार्ट' केल्यावर. आठवड्यातून एकदा रीस्टार्ट करायची सवय लावा, अनेक किरकोळ तक्रारी तिथेच मिटतात.

आणखी एक प्रकार घाबरवणारा असतो. उजव्या कोपऱ्यात 'तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस आहे' अशा सूचना सारख्या येत राहतात. बहुतेकदा हा व्हायरस नसतो. कुठल्यातरी साइटवर 'अलाउ' दाबलेलं असतं आणि ती साइट ब्राउझरमधून जाहिराती पाठवत असते. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये नोटिफिकेशनच्या यादीतून अनोळखी साइट काढून टाका. त्या सूचनेत फोन नंबर दिलेला असेल तर त्यावर फोन करू नका आणि कुणाच्या सांगण्यावरून एनीडेस्क किंवा तसलं, दुसऱ्याला दुरून तुमचा लॅपटॉप चालवू देणारं ॲप टाकू नका. पैसे गेलेच तर लगेच १९३० वर फोन करा; ही सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन आहे आणि तिथे जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम गोठवली जाण्याची शक्यता जास्त.

मग रिसेट कधी करायचा? खरंच मालवेअर, म्हणजे व्हायरससारखं घातक सॉफ्टवेअर, शिरलंय आणि निघत नाही, विंडोजचे अपडेट पुन्हा पुन्हा फसताहेत, चालू होताना निळा पडदा येतोय, किंवा लॅपटॉप दुसऱ्याला द्यायचाय. आणि हो, लॅपटॉप कंपनीचा असेल, मिहानमध्ये किंवा आणखी कुठे नोकरी करताना मिळालेला, तर त्याला हातच लावू नका. तो तुमच्या आयटी विभागाचा प्रश्न आहे.

रिसेटच्या अलीकडचे दोन उपाय

लॅपटॉप चालूच होत नसेल, दिवा लागतो पण पडदा काळा, तर चार्जर काढा, पेन ड्राइव्ह, माउस, सगळं काढा आणि पॉवरचं बटण ३० सेकंद दाबून धरा. मग फक्त चार्जर लावून चालू करा. आत साठून राहिलेला विजेचा भार यात निघून जातो. फाइलींना काही होत नाही. पहिला उपाय हाच करा.

दुसरा उपाय फार कमी लोकांना ठाऊक आहे. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, मग सिस्टिम, मग रिकव्हरी इथे जा. 'फिक्स प्रॉब्लेम्स युझिंग विंडोज अपडेट' असा पर्याय आणि त्यापुढे 'रीइन्स्टॉल नाउ' असं बटण दिसेल. यात विंडोज नव्याने बसतं, पण तुमच्या फाइली, सेटिंग्ज आणि टाकलेली ॲप्स, तिन्ही जागच्या जागी राहतात. अपडेट फसणं, एखादी खिडकी न उघडणं, अशा तक्रारींना हा उपाय पुरतो. बॅकअप मात्र याच्याही आधी घ्यायचा.

४८ अंकी चावी

आता खरी तयारी. आजकालच्या लॅपटॉपमध्ये, मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉग-इन केलं असेल तर, डिस्क बरेचदा आपोआप कुलूपबंद केलेली असते. याला बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन म्हणतात. एरवी ते जाणवतही नाही. पण रिसेट करताना, बायोस (विंडोजच्या आधी चालणारं मशीनचं मूळ सॉफ्टवेअर) बदलताना किंवा विंडोज नीट सुरू न होता रिकव्हरीच्या निळ्या पडद्यावर गेलं की ते ४८ अंकी रिकव्हरी की मागतं. ती नसेल तर डिस्कवरचं काहीही वाचता येत नाही. बर्डीतला (सीताबर्डीतला) सर्वांत हुशार कारागीरही ते उघडू शकत नाही, मायक्रोसॉफ्टही उघडून देत नाही.

म्हणून मशीन चालतंय तोवरच मोबाइलवर मायक्रोसॉफ्ट अकाउंटच्या साइटवर लॉग-इन करा, 'डिव्हाइसेस'मध्ये आपला लॅपटॉप निवडा आणि बिटलॉकर की बघा. ती कागदावर उतरवा, आणि कागद लॅपटॉपच्या बॅगेत न ठेवता घरातल्या कागदपत्रांच्या फाइलमध्ये ठेवा. मोबाइलमध्ये फोटो काढलात तरी चालेल, पण कागद हवाच.

इथेच अनेकांची गाडी अडते, कारण त्या अकाउंटचा पासवर्डच कुणाला आठवत नाही. लॅपटॉप घेताना दुकानातल्या मुलाने आपल्याच मनाने ईमेल आयडी बनवून दिलेला असतो, किंवा त्यावर जुना मोबाइल नंबर असतो जो कधीच बंद झालाय. सेटिंग्जमध्ये 'अकाउंट्स' उघडा आणि वर कुठला ईमेल दिसतो ते बघा. त्याचा पासवर्ड आजच चालतो का, ते मोबाइलवरून तपासा. नंबर जुना असेल तर बदलून घ्या. लॅपटॉपसोबत आलेलं कायमचं ऑफिस, म्हणजे वर्ड-एक्सेल, याच अकाउंटला जोडलेलं असतं. अकाउंट गेलं की तेही गेलं.

मग सेटिंग्ज, सिस्टिम, ॲक्टिव्हेशन इथे जाऊन बघा. 'डिजिटल लायसन्स'ने विंडोज ॲक्टिव्ह आहे असं लिहिलेलं असेल तर निर्धास्त राहा. रिसेटनंतर इंटरनेट लागलं की ते आपोआप ॲक्टिव्ह होतं, कुठलीही की टाकावी लागत नाही. पण मशीन घरचं आणि तिथे मात्र 'युवर ऑर्गनायझेशन्स ॲक्टिव्हेशन सर्व्हिस' असं काही दिसत असेल, तर बहुधा कुणीतरी क्रॅक करून, म्हणजे परवान्याशिवाय चालू करून, दिलेलं विंडोज आहे. रिसेटनंतर ते ॲक्टिव्ह राहणार नाही, आणि त्या क्रॅकसोबत आत काय आलंय याचीही खात्री देता येत नाही.

बॅकअप: फाइली कुठे कुठे लपतात

डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्स हे फोल्डर सगळे घेतात. राहून जातं ते बाकीचं. डाउनलोड्स उघडा, व्हॉट्सॲपवरून आलेली मार्कशीट, जातीचा दाखला, महाडीबीटीच्या अर्जाची प्रत, सगळं तिथेच पडलेलं असतं. डेस्कटॉप बघा. मग सी ड्राइव्ह उघडून तिथे तुमच्या हाताने केलेला एखादा फोल्डर आहे का ते बघा, कारण 'कीप माय फाइल्स' निवडलं तरी तुमच्या नावाच्या फोल्डरबाहेरचं टिकेलच याची हमी नाही.

इतवारीत किंवा गांधीबागेत दुकान असेल आणि हिशेब टॅलीवर असेल, तर टॅलीचा डेटा डॉक्युमेंट्समध्ये शोधू नका. त्याचा मार्ग टॅलीच्या आतच दिसतो आणि बॅकअपही टॅलीतूनच घ्यावा. तो झाल्यावर शक्य असेल तर दुसऱ्या मशीनवर रिस्टोअर करून शेवटच्या दिवसाची नोंद दिसते का ते बघा. जीएसटी किंवा निविदांसाठी डिजिटल सिग्नेचरचं टोकन वापरत असाल तर त्याचा ड्रायव्हर (ते चालवणारं छोटं सॉफ्टवेअर) कुठून मिळाला होता ते लिहून ठेवा.

डीटीपीवाल्यांनी आणि अर्ज-टंकलेखन करणाऱ्यांनी फॉण्टकडे विशेष लक्ष द्यावं. कृतिदेवसारख्या जुन्या फॉण्टमध्ये टाइप केलेली फाइल मुळात युनिकोड (कुठल्याही मशीनवर तीच अक्षरं दाखवणारी पद्धत) नसते. फॉण्ट गेला की त्याच फाइलमध्ये इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा गोंधळ दिसतो आणि माणूस समजतो की फाइल खराब झाली. फाइल ठीक असते, फॉण्ट नसतो. वापरात असलेल्या सगळ्या फॉण्टच्या फाइली वेगळ्या फोल्डरमध्ये कॉपी करा. ज्या सॉफ्टवेअरला डोंगल किंवा नोंदणी क्रमांक लागतो, त्याच्या पावत्या आणि क्रमांक शोधून ठेवा. परवाना आधी जुन्या मशीनवरून सोडवून घ्यावा लागतो का, तेही विक्रेत्याला विचारा.

ब्राउझरमधले पासवर्ड आणि बुकमार्क गूगल अकाउंटला सिंक आहेत का, म्हणजे आपोआप तिथेही साठतात का, ते क्रोमच्या कोपऱ्यातल्या चित्रावर क्लिक करून बघा. सिंक बंद असेल तर चालू करा आणि मोबाइलच्या क्रोममध्ये तेच पासवर्ड दिसतात का ते ताडून घ्या.

वनड्राइव्हवर भरवसा ठेवणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. फुकट जागा फक्त ५ जीबी असते, गूगल ड्राइव्हवर १५. ती भरली की सिंक गपचूप थांबतं. फाइलीशेजारी हिरवी खूण किंवा ढगाचं चित्र असेल तर ती वर पोहोचली आहे. गोल फिरणारे बाण किंवा लाल फुली असेल तर नाही. वनड्राइव्हचं चिन्ह उघडून 'अप टु डेट' असं लिहून येतंय का ते डोळ्यांनी बघा.

बॅकअप घ्यायला बाहेरची हार्ड डिस्क किंवा नावाजलेल्या कंपनीची एसएसडी वापरा. स्वस्तात १ टीबी म्हणून विकले जाणारे पेन ड्राइव्ह बरेचदा बनावट असतात. त्यावर फाइलींची नावं दिसतात, आत काहीच नसतं. खरा पेन ड्राइव्ह असूनही ४ जीबीपेक्षा मोठा व्हिडिओ जात नसेल, तर तो एफएटी३२ मध्ये फॉरमॅट केलेला आहे. त्यातलं सगळं दुसरीकडे काढून तो एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा.

कॉपी झाली म्हणजे बॅकअप झाला असं मानू नका. मूळ फोल्डरवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडा, फाइलींची संख्या आणि आकार बघा, मग डिस्कवरच्या फोल्डरचं तेच बघा. दोन्ही जुळले पाहिजेत. मग ती डिस्क नीट 'इजेक्ट' करून दुसऱ्या कॉम्प्युटरला लावा आणि अंदाजाने दहा-बारा फाइली उघडा: एक सर्वांत जुना फोटो, एक सर्वांत नवा, एक मोठा व्हिडिओ शेवटपर्यंत पुढे सरकवून, एक एक्सेल, एक पीडीएफ. उघडल्या तर पुढे जा. ज्या फाइली पुन्हा कुठूनच मिळणार नाहीत, त्यांची आणखी एक प्रत गूगल ड्राइव्हवर चढवा. जुन्या हार्ड डिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर रिसेटचा विचारच सोडा. रिसेटमध्ये डिस्कवर प्रचंड वाचन-लेखन होतं आणि मरणाऱ्या डिस्कला ते सोसत नाही. आधी शक्य तेवढं काढून घ्या आणि डिस्क बदला.

रिसेटचा दिवस

सकाळी लवकर सुरुवात करा. हवा गार असते आणि मशीन कमी तापतं. महावितरणचा देखभालीसाठी वीज बंद राहणार असल्याचा एसएमएस आलाय का ते बघा. बॅटरी पूर्ण भरा, चार्जर लावलेलाच ठेवा, आणि बॅटरी लगेच बसत असेल तर इन्व्हर्टरवर असलेला सॉकेट वापरा. अर्ध्यात वीज गेली आणि मशीन बंद पडलं तर विंडोज ना जुनं उरतं ना नवं. वादळी हवा असेल तर दुसरा दिवस निवडा. बॅकअपची डिस्क, प्रिंटर, सगळं काढून ठेवा. बॅकअपची डिस्क लावलेली राहता कामा नये.

सेटिंग्ज, सिस्टिम, रिकव्हरी, आणि 'रिसेट पीसी'. पहिला प्रश्न येईल: 'कीप माय फाइल्स' की 'रिमूव्ह एव्हरीथिंग'. मशीन स्वतःच वापरायचं असेल आणि तक्रार साधी असेल तर पहिला पर्याय. यात तुमच्या फाइली राहतात, पण बाहेरून टाकलेली सगळी ॲप्स जातात आणि त्यांची यादी नंतर डेस्कटॉपवर मिळते. मालवेअरची शंका असेल तर दुसराच पर्याय घ्या, अर्धवट साफसफाईत अर्थ नाही.

दुसरा प्रश्न: 'क्लाउड डाउनलोड' की 'लोकल रीइन्स्टॉल'. क्लाउडमध्ये विंडोज ताजं उतरवलं जातं आणि त्याला ४ जीबीहून जास्त डेटा लागतो. घरी ब्रॉडबँड असेल तर हाच पर्याय चांगला, कारण मशीनमधल्या फाइलीच बिघडलेल्या असतील तर त्यांच्यावरूनच पुन्हा विंडोज बांधण्यात अर्थ नाही. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर रोजचा दीड-दोन जीबीचा पॅक असेल तर तो अर्ध्यात संपेल. मग लोकल निवडा.

पुढच्या पडद्यावर 'चेंज सेटिंग्ज' दिसेल. लॅपटॉप स्वतःकडेच ठेवायचा असेल तर इथे काही बदलायची गरज नाही. डी ड्राइव्हवर काही असेल तर 'सगळ्या ड्राइव्हवरून फाइली काढा' हा पर्याय बंद असल्याची खात्री करा.

विंडोज सुरूच होत नसेल तर लॉग-इनच्या पडद्यावर शिफ्ट दाबून धरून रीस्टार्ट करा. तिथवरही पोहोचत नसेल तर चालू होता होता पॉवर बटणाने बंद करा. असं लागोपाठ दोन-तीनदा केलं की रिकव्हरीचा निळा पडदा आपोआप येतो. तिथे 'ट्रबलशूट' आणि मग 'रिसेट धिस पीसी'. बिटलॉकरची चावी बहुधा इथेच मागितली जाते.

एसएसडी असेल तर तासाभरात होतं, जुन्या हार्ड डिस्कवर अर्धा दिवसही लागू शकतो. टक्केवारी एकाच आकड्यावर बराच वेळ थांबते. डिस्कचा दिवा लुकलुकत असेल तर हात लावू नका. मशीन कडक, सपाट पृष्ठभागावर, पंख्याखाली ठेवा. गादीवर नको.

ॲपलच्या मॅकबुकसाठी रस्ता छोटा आहे: मॅकओएस मॉन्टेरे किंवा त्यानंतरची आवृत्ती आणि ॲपलचीच चिप असेल तर सिस्टिम सेटिंग्जमध्ये 'इरेज ऑल कंटेंट अँड सेटिंग्ज' मिळतं, मॉन्टेरेमध्ये ते सिस्टिम प्रेफरन्सेसच्या मेनूत असतं. क्रोमबुकमध्ये 'पॉवरवॉश'. बॅकअपचे नियम तेच.

नव्याने सुरू झाल्यावर

वायफाय दिसत नसेल तर घाबरू नका, त्याचा ड्रायव्हर यायचा असेल. मोबाइल केबलने जोडून 'यूएसबी टेदरिंग' चालू करा, इंटरनेट मिळेल आणि ड्रायव्हर उतरेल. मग विंडोज अपडेट चालवा, रीस्टार्ट करा, पुन्हा चालवा, काहीच शिल्लक नाही असं येईपर्यंत. 'ऑप्शनल अपडेट्स'मधले ड्रायव्हरही बघा. त्यानंतर लॅपटॉपच्या कंपनीचं स्वतःचं ॲप टाका.

ॲक्टिव्हेशन तपासा. ऑफिस त्याच जुन्या अकाउंटने उघडा. वेगळा अँटिव्हायरस विकत घ्यायची घाई करू नका. विंडोजमधला डिफेंडर घरगुती वापराला पुरेसा आहे, आणि दोन अँटिव्हायरस एकत्र चालवले तर मशीन नक्की मंदावतं.

मराठी टाइप करायला काही डाउनलोड करावं लागत नाही. सेटिंग्जमध्ये 'टाइम अँड लँग्वेज'मध्ये मराठी भाषा जोडा आणि कीबोर्डमध्ये 'मराठी फोनेटिक' निवडा. विंडोज आणि स्पेस बार एकत्र दाबले की भाषा बदलते. इन्स्क्रिप्ट येत असेल तर तेच घ्या, वेग जास्त मिळतो.

फाइली परत आणताना बॅकअपमधून फक्त कागदपत्रं, फोटो, व्हिडिओ घ्या. जुने सेटअप, क्रॅक, कुणी दिलेलं 'फुल व्हर्जन' परत आणलंत तर ज्या रोगासाठी रिसेट केलात तोच परत आत येतो. सगळं बसल्यावर 'सिस्टिम प्रोटेक्शन' चालू करून एक रिस्टोअर पॉइंट, म्हणजे बिघाड झाल्यास परत जाता येईल अशी खूण, बनवा.

विंडोज १० असलेल्यांना एक गोष्ट सांगायलाच हवी. त्याचा नियमित सुरक्षा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. रिसेट केल्यावर विंडोज १० च परत येतं, ११ आपोआप येत नाही. मायक्रोसॉफ्टचं 'पीसी हेल्थ चेक' ॲप टाकून तुमचं मशीन ११ ला चालतं का ते बघा, टीपीएम २.० (सुरक्षेची एक चिप) आणि साधारण आठव्या पिढीपासूनचा इंटेल प्रोसेसर लागतो. चालत नसेल आणि वापर फक्त ब्राउझर, व्हिडिओ आणि टायपिंगपुरता असेल, तर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकट मिळणारी सिस्टिम टाकून बघायला हरकत नाही. बँकेचे व्यवहार मात्र पाठिंबा संपलेल्या विंडोजवर करू नका.

नागपूरच्या हवेत मशीन टिकवायचं तर

सर्वांत मोठा शत्रू धूळ. खालच्या आणि बाजूच्या जाळ्यांतून पंखा हवा आत ओढतो, आणि तिच्यासोबत कापसाचे तंतू, केस, रस्त्याची धूळ. पंखा आणि तांब्याच्या नळीच्या टोकाची बारीक पट्टी यांच्यामध्ये हळूहळू राखाडी रंगाचा नमद्यासारखा थर बसतो. मागचं झाकण उघडल्यावर तो अखंड पापुद्र्यासारखा चिमट्याने उचलून काढता येतो, इतका दाट असतो. त्यातून हवा जाणार कशी? वर्षातून एकदा, मार्चमध्ये, उन्हाळा तापण्याआधी साफ करून घ्या. मशीन तीन-चार वर्षांचं झालं असेल तर त्याच वेळी प्रोसेसरवरची थर्मल पेस्टही (उष्णता बाहेर नेणारा लेप) बदलायला सांगा. बाहेरून ब्लोअरने हवा मारत असाल तर लॅपटॉप बंद ठेवा आणि जाळीतून टूथपिक घालून पंखा अडवा. मोकळा पंखा वाऱ्याने सुसाट फिरला तर खराब होतो.

कूलर. खोलीत कूलर असला तर लॅपटॉपला फायदाच होतो, खोलीचं तापमान बरंच उतरतं. पण लॅपटॉप कूलरच्या सरळ झोतात ठेवू नका. झोतासोबत पाण्याचे बारीक तुषार येतात, आणि बोअरचं जड पाणी असेल तर ते वाळल्यावर क्षार मागे राहतात. कीबोर्डवर पांढुरके ठिपके दिसले तर आतही तेच होत असणार. मोसमात कूलर पहिल्यांदा सुरू कराल तेव्हा तो खसमधला भुगा आणि वर्षभराची धूळ बाहेर फेकतो. त्या वेळी लॅपटॉप दुसऱ्या खोलीत न्या. पाऊस सुरू झाल्यावर हवेत मुळातच दमटपणा असतो, तेव्हा कूलरमध्ये पाणी न घालता नुसता पंखा चालवा.

उन्हात उभी गाडी, स्कूटरची डिक्की, इथे लॅपटॉप कधीही ठेवू नका, दहा मिनिटांसाठीही नको. लिथियमची बॅटरी उष्णतेने झपाट्याने म्हातारी होते. हिंगण्याहून किंवा बुटीबोरीहून भर दुपारी बॅग पाठीवर टाकून आलात तर घरी पोहोचल्यावर लगेच चार्जिंगला लावू नका. अर्धा तास सावलीत, पंख्याखाली निवू द्या. दिवसभर चार्जर लावूनच काम करत असाल तर कंपनीच्या ॲपमध्ये चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवायची सोय बघा. लेनोव्होच्या व्हँटेजमध्ये ती आहे, असुसच्या मायअसुसमध्ये आहे, इतरांच्याही ॲपमध्ये किंवा बायोसमध्ये मिळते. टचपॅड वर उचलल्यासारखा वाटला किंवा झाकण नीट बसेना, तर बॅटरी फुगली आहे. चार्जर काढा, वापर थांबवा, आणि तिला दाबू किंवा टोचू नका.

विदर्भात मे-जूनच्या वादळात विजा कशा पडतात ते आपल्याला माहीत आहे. लॅपटॉपचा ॲडॉप्टर साधारण १०० ते २४० व्होल्टपर्यंत चालतो, त्यामुळे रोजच्या चढउताराने त्याला फारसं काही होत नाही. विजेचा झटका मात्र तो पचवू शकत नाही. गडगडाट सुरू झाला की चार्जर भिंतीतून काढा आणि ब्रॉडबँडची तांब्याची केबल लावलेली असेल तर तीही. नुसतं बटण बंद करून भागत नाही. धातूच्या लॅपटॉपवर हात ठेवल्यावर झिणझिण्या येत असतील तर अर्थिंग तपासा. महालातल्या जुन्या घरांच्या वायरिंगमध्ये हे हमखास सापडतं. तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या जुगाडात घालू नका.

बाकी किरकोळ. टास्क मॅनेजरच्या स्टार्टअप यादीतून नको ती ॲप्स बंद करा. सी ड्राइव्हवर पाचव्या हिश्श्याइतकी जागा मोकळी ठेवा, 'स्टोरेज सेन्स' चालू करा. 'पीसी बूस्टर', 'क्लीनर' नावाचं काहीही टाकू नका.

दुकानात देताना, किंवा विकताना

स्वतः करायची हिंमत होत नसेल तर बर्डीतल्या किंवा धरमपेठेतल्या दुकानात जरूर न्या, पण बॅकअप घरी घेऊनच. मशीनचा सिरीयल नंबर लिहून ठेवा, पावती घ्या, आणि पावतीवर 'फॉरमॅट करण्यापूर्वी विचारणे' असं लिहून घ्या. पासवर्ड मागितला तर तुमचा नेहमीचा देऊ नका, तेवढ्यापुरता बदलून द्या. एसएसडी बसवली तर काढलेली जुनी हार्ड डिस्क परत मागून घ्या. तुमचं सगळं अजून तिच्यावरच असतं. मूळ विंडोज ॲक्टिव्ह होतं तर परत मिळतानाही तेच आहे ना, ते काउंटरवरच सेटिंग्ज उघडून बघा.

लॅपटॉप विकायचा किंवा भाच्याला द्यायचा असेल तर 'रिमूव्ह एव्हरीथिंग' निवडा, 'चेंज सेटिंग्ज'मध्ये जाऊन 'क्लीन डेटा' चालू करा आणि या वेळी सगळ्या ड्राइव्ह साफ होऊ द्या. यात फाइली पुन्हा काढता येऊ नयेत म्हणून डिस्क नीट पुसली जाते. हार्ड डिस्कवर त्याला कित्येक तास लागतात, तेव्हा रात्री लावून ठेवा. मग मायक्रोसॉफ्ट अकाउंटच्या साइटवर 'डिव्हाइसेस'मधून ते मशीन काढून टाका. मॅकबुक असेल तर 'फाइंड माय' बंद करून आयक्लाउडमधून बाहेर पडा, नाहीतर घेणाऱ्याला ते सुरूच करता येणार नाही. चार्जर आणि मूळ बिल सोबत द्या.